मोहाच्या दिवसांत टाकलेलं स्टेटस

परवा सकाळी खोलीची मागची खिडकी उघडली आणि वास आला. गोड, जरासा आंबूस, उन्हात राहिलेल्या गुळासारखा. म्हटलं, आला बाई मोह. मूल गावातल्या या दोन खोल्यांत समुपदेशनाचं काम करायला लागून मला आता बरीच वर्षं झाली, पण मागच्या अंगणात कुणी मोहफुलं वाळत घातली की दरवर्षी माझं हे असंच होतं. हातातला झाडू हातातच राहतो. त्या वेळी कुणी जिना चढून आलं तर त्याला वाटेल, इथं म्याडमलाच काहीतरी झालंय.

या दिवसांत आमच्याकडं सकाळ फार लवकर होते. पळस झडून गेलेला असतो, ऊन अजून पेटलेलं नसतं, आणि मधले दोन-तीन तास हवा अगदी हलकी, झोपेतून न उठलेली असते. बाया टोपल्या घेऊन अंधार फिटता फिटता निघतात. रस्त्याच्या कडेनं त्यांची रांग दिसते, बोलणं ऐकू येतं, मग रांग झाडीत शिरते आणि नुसतं बोलणंच तेवढं उरतं. मी स्कूटी बाजूला लावून ते ऐकत उभी राहते. मला त्या झाडीत काही काम नसतं. तरी पाय निघत नाही.

मी मूळची वरोऱ्याची. कापसाच्या गावची. लहानपणी आमच्या बाजूला जिनिंगचं आवार होतं, तिथं कापसाचे ढीग लागायचे आणि आम्ही पोरं त्यात उड्या मारून शिव्या खायचो. कितीतरी गावांहून गाड्या यायच्या, पण एकदा ढिगात पडला की कुणाचा कापूस कोणता, हे देवालाही सांगता आलं नसतं. मला वाटायचं, जगातलं सगळं पीक असंच असतं. शिकायला नागपूरला गेले, परत आले, मूलला खोली घेतली, तरी डोक्यात हेच. मोहाचं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

ते माझ्या कामाचं पहिलं वर्ष. पाटी लावली होती, ‘मानसिक समुपदेशन केंद्र’. लोक पाटीखालून जायचे, मान वर करून वाचायचे आणि भराभर पावलं उचलायचे. कुणी चुकून जिन्यात आलंच तर ते खालच्या पार्लरचा पत्ता विचारायला. पार्लर सुनंदाचं. माझ्या वयाची, बोलायला फटकळ, मनानं मऊ. तिच्याकडं बायांची रीघ आणि माझ्याकडं पंख्याचा आवाज.

‘ताई, तुमी लाजून राह्यल्या,’ ती एक दिवस म्हणाली. ‘आजकाल भजेवाला बी रील टाकते. तुमी काऊन नाई टाकत?’

‘तुझं बरं आहे. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. मी काय टाकू? आधी रडत होती, नंतर हसली?’

‘मंग टाका ना! कोन नाई म्हनते?’

तेव्हा आम्ही दोघी खो खो हसलो होतो. मग तिनं मला पार्लरच्या खुर्चीत बसवलं, तोंडाला पावडर लावली आणि तिच्या मोबाईलवर माझे फोटो काढले. ‘हसा. एवढं नाई वो! दात काढून बसल्या तं दुःख सांगाले कोन येईन?’ शेवटी जो फोटो पसंत पडला त्यात मी अशी दिसते की कुणीतरी नुकतीच माझी चप्पल पळवली आहे. तोच अजूनही माझ्या पेजवर आहे.

पेज निघालं. लिहिलं, ‘छातीत धडधडतं? झोप येत नाही? हातपाय गार पडतात? हे बाहेरचं नाही, कुणी काही केलेलं नाही. याला उपाय आहे. या, बोलू या.’ हेच व्हॉट्सॲपच्या स्टेटसला. आठवडा गेला, दुसरा गेला. पेजला अंगठा दिला तो तिघांनी. नागपूरची माझी बहीण, सुनंदा, आणि एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा दुकानदार, जो सगळ्या जगालाच अंगठा देतो.

मला वाटलं, कुणी बघतच नाही. सुनंदानं मला वेड्यात काढलं. ‘अवो, सारे पाहून राह्यले! पन अंगठा कोन देईन? तुमच्या पेजले अंगठा दिला म्हंजे डोकं गेलं. संध्याकाळी पानठेल्यावर त्याचीच गोष्ट.’ आणि तिनं मला स्टेटसखालची पाहणाऱ्यांची यादी उघडून दाखवली. केवढी लांब यादी ती! शाळांमधून, बचत गटांमधून ज्यांनी ज्यांनी माझा नंबर घेतला होता, ते सगळे रोज येऊन, वाचून, काही न बोलता जात होते.

मग मला त्या यादीचा नादच लागला. दुपारी बाहेर चटका, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी पंख्याखाली सतरंजीवर पडून ती नावं वाचतेय. काही नावं ओळखीची, काही नुसती ‘आई’ किंवा ‘जय’ अशी, एकाच्या जागी तर फक्त गुलाबाचं फूल. वाटायचं, यातलं एकेक माणूस माझ्या दारापर्यंत येऊन क्षणभर थांबलंय. त्याच्या चपला जणू उंबऱ्याबाहेर दिसताहेत. आत बोलवावं तर कसं बोलवावं? मोठ्यानं हाक मारली तर पळून जाईल. अर्धवट झोपेत मी त्या फुलवाल्याशी बोलायचे सुद्धा. कोण होता किंवा होती, आजवर कळलेलं नाही.

त्याच दिवसांत बाई आल्या.

त्यांना मी इथं नुसतं ‘बाई’ म्हणते, कारण नाव सांगायचं नाही. इकडं तसं म्हणतातच. त्यांचं गाव, वय, घरातली माणसं, सगळं मी थोडं थोडं बदललेलं आहे. एवढंच कशाला, पुढं एक जनावर येतं, ते कोणतं होतं यावरही भिस्त ठेवू नका. मी चुकले कशी, एवढंच खरं आहे असं धरून चाला.

बाजाराचा दिवस होता. बाई मागच्या जिन्यानं आल्या, पदर नीट केला आणि आधी पिशवीतून गुडघ्याच्या तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली. ‘घरी सांगून आली, गुडघ्याले दाखवाले जातो म्हनून. हे घरी दाखवाले घेतलं.’ मी म्हटलं, बरं केलंत. मग म्हणाल्या, ‘पोरीच्या मोबाईलात तुमचं वाचलं. हात गार पडते म्हनून लिवलं ना तुमी? ते माहं हाये.’

मी परीक्षेच्या भीतीवर बोलायला ज्या शाळेत गेले होते, त्यांची पोरगी तिथली. तिनंच आईला स्टेटस वाचून दाखवलं होतं.

बाईंची गोष्ट एवढीशी होती. आदल्या वर्षी त्या मोह वेचत होत्या. बाकीच्या बाया जरा लांब, आपापल्या झाडांखाली. बाईंनी मान वर केली तर समोर वाघ. ‘कुत्र्यावानी बसून होता. मी त्याले पाह्यलं, त्यानं मले पाह्यलं. मंग उठला अन् चालला गेला.’

‘मग?’

‘मंग काय? टोपली भरली अन् घरी आली.’

‘घरी सांगितलं?’

‘सांगतलं ना. सारे म्हने, वाचली बाप्पा! झालं. म्याडम, ज्याले नेलं त्याच्या घरी पंचनामा होते, साहेब येते, रडाले मानसं येते. माहं काय झालं? काईच नाई झालं.’ हे म्हणताना त्यांचे हात टेबलावर होते. मी धरून पाहिले. भर एप्रिलातल्या दुपारी ते बर्फाचे झाले होते.

वर्षभर बाईंना मोहाचा वास आला की असंच व्हायचं. घरी म्हणायच्या, गुडघा दुखते. गुडघ्यापायी त्या झाडीत जाईनात, आणि घरात कुरबुर सुरू झालेली. त्यांना एकच हवं होतं. ‘मले माह्या झाडाखाली जाऊन उभं राहाचं हाये. दुसरं काई नाई.’

आम्ही हळूहळू पुढं गेलो. आधी त्या खोलीतच एका वाटीत चार वाळलेली फुलं ठेवली, वाटी खिडकीपाशी, बाई दारापाशी. श्वास सोडायचा, पाय जमिनीला टेकलेत का ते बघायचं, खिडकीतून दिसतील त्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. त्या नावं घ्यायच्या, ‘तार, कावळा, तुमच्या सुनंदाचा टॉवेल.’ पुढच्या बाजारी वाटी टेबलावर आली. त्यापुढच्या बाजारी त्यांनी स्वतः ती उचलून नाकाशी धरली आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी नुसती बसून होते. या कामात निम्मा वेळ नुसतं बसायचंच असतं, पण ते बसणं मला त्या दिवसांइतकं कधी सुखाचं वाटलं नाही.

मग एका पहाटे मी त्यांच्या गावी गेले. ‘पोरीच्या शाळेत आल्त्या त्या म्याडम, मोह पाहाले आल्या,’ असं बाईंनी सगळ्यांना सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. झाडाखालचा पाला जाळून जमीन काळी, स्वच्छ करून ठेवलेली. त्या काळ्यावर रात्रभर पडलेली पिवळट पांढरी फुलं. फांद्यांवर पान नाही, आणि उगवतीकडून उजेड येतोय तसा फुलं पडण्याचा आवाज, टप, टप, थोडं थांबून पुन्हा टप. बाजूच्या झाडाखाली दोघीजणी कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. बाई काळ्या जमिनीच्या कडेला थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मी मागं उभी. मग त्यांनी एक पाऊल आत टाकलं, वाकल्या, फूल उचललं. हात माझ्यापुढं केला. ‘पाहा,’ म्हणाल्या, ‘गरम हाये.’

मी रडले. खोटं कशाला बोलू? पुस्तकात लिहिलेलं असतं की समुपदेशकानं असं रडू नये, पण पुस्तक लिहिणारा तिथं नव्हता.

निघताना मी त्या झाडाचा एक फोटो काढला. माणूस कुणी नाही, फक्त झाड आणि बुडाशी भरलेली टोपली. काय सुंदर आला होता तो फोटो! तीन-चार दिवस मी तो एकटीच बघत होते. मग एका सकाळी, कुणाला न विचारता, पेजवर आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ‘एक ताई वर्षभर या झाडाखाली यायला घाबरत होत्या. आज त्यांनी टोपली भरली. भीतीवर उपाय असतो.’ नाव नाही, गाव नाही, वय नाही. शिकले होते ते सगळं पाळलं, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

आणि काय सांगू, अंगठेच अंगठे! ज्यांनी कधी काही दिलं नव्हतं त्यांनी बदाम पाठवले. सुनंदा धावत वर आली, ‘ताई, हे चाललं बरं!’ मी पण हरखले. दुपारी चहा पिता पिता खालचं वाचत होते. कुणीतरी लिहिलं होतं, ‘हे तं आमच्याकडचं झाड.’ त्याच्याखाली दुसऱ्यानं घराचं नाव लिहिलं. त्याच्याखाली तिसऱ्यानं, ‘म्हंजे ते बाई डोक्याच्या डॉक्टरकडं जाते काय?’ आणि पुढं हसून लोळणारी तोंडं.

चहा तसाच ठेवला. मी फोटो काढून टाकला. काढला म्हणजे गेला, असं समजणारी त्या दिवशी मूलमध्ये मी एकटीच शहाणी असेन.

जे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं ते मला नंतर कळलं. इथं प्रत्येक मोह कुणाचा तरी असतो. तुमच्या झाडाखालचं फूल दुसरं कुणी उचलत नाही. भाऊ वेगळे निघाले की शेतासारखी झाडंही वाटली जातात, सासू थकली की ती आपलं झाड सुनेच्या हवाली करते. बुंधा कुठं वाकलाय, फांदी कुठं तुटलीय, वारूळ कुठल्या अंगाला आहे, हे सगळ्यांना पाठ. मी बाईंचं नाव झाकलं आणि चेहरा चव्हाट्यावर मांडला. कापसाच्या ढिगांत वाढलेल्या मला झाड म्हणजे फक्त झाड वाटलं. पण खरं सांगू? झाडाचं मला ठाऊक नव्हतं, हे ठीक. बाईंना विचारायचं असतं, हे तर ठाऊक होतं.

पुढच्या बाजारी बाई आल्या नाहीत. त्यापुढच्याही नाही. मागच्या जिन्यावर पाऊल वाजलं की मी दारात जाऊन उभी राहायची, आणि पाऊल सुनंदाचं निघायचं. मग पोरीचा निरोप आला मोबाईलवर. ‘म्याडम, आईले आता जंगलात नेत नाईत.’ बायांनी म्हटलं होतं, हिचं डोकं ठिकाणावर नाही, झाडीत ओरडली-बिरडली तर सगळ्यांच्याच जिवावर बेतेल. आणि सासूनं ते झाड त्या हंगामापुरतं धाकट्या सुनेला देऊन टाकलं होतं. ज्या झाडाखाली उभं राहायला बाई माझ्याकडं आल्या होत्या, ते त्यांना मिळवून दिलं मी, आणि हिसकावून घेतलंही मीच.

फोनवर माफी मागावी, असं एकदा मनात आलं. पण शरम वाटली. जे बिघडवलं ते मोबाईलवरच बिघडवलं होतं. स्कूटी काढली आणि गेले.

अंगणात मोहफुलं वाळत होती, उन्हानं तपकिरी झालेली. बाई काठीनं ती हलवत होत्या. कडेला बाजेवर सासू. बाईंनी पाणी दिलं. बसा म्हणाल्या. घरी आलेल्या माणसाला पाणी चुकत नाही इथं, मग तो कुणी असो.

‘बाई, माझं चुकलं,’ मी म्हटलं.

त्या काठी फिरवत राहिल्या. ‘नाव तं नव्हतं टाकलं तुमी.’

‘नाही.’

‘गावाचं बी नाई.’

‘नाही.’

‘माह्या नावाच्या चार बाया हायेत आमच्या गावात, म्याडम. ते झाड एकच हाये.’

मी म्हटलं, ‘मी तुम्हाला विचारायला हवं होतं.’

‘विचारलं असतं तं मी नाई म्हनली असती.’ त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. ‘म्हनूनच नाई विचारलं ना तुमी?’

खरंच होतं. इतक्या दिवसांनी एक चांगली गोष्ट हाती लागली होती, आणि नकार ऐकायची माझी तयारी नव्हती. मी बाजेकडं वळले आणि सासूबाईंना म्हटलं, ‘तुमच्या सुनेचं डोकं ठणठणीत आहे. त्यांना भीती बसली होती, ती त्यांनी स्वतः घालवली. माझ्या डोळ्यांदेखत. गावात जे बोलणं झालं ते माझ्या चुकीनं झालं.’

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. ‘तुमी येवढ्या शिकल्या. तुमी बी चुकता?’

‘हव, चुकते.’

मी निघाले तेव्हा बाई फाटकापर्यंत आल्या. काठी हातातच. ‘माहं तं सारं मोबाईलात टाकलं तुमी,’ म्हणाल्या. ‘तुमचं कधी टाकता?’ चिडून म्हणाल्या की मस्करीनं, मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

त्यांचं ते बोलणं इतकी वर्षं मागं लागलं होतं. या वर्षी लिहायला बसले त्याआधी पोरीकरवी निरोप धाडला, तुमच्याबद्दल चार शब्द आलेले चालतील का? उत्तर आलं, ‘झाड नको. बाकी लिवा.’ म्हणून झाड कसं होतं ते यात कुठंच नाही. मघाशी वाकलेला बुंधा, तुटकी फांदी, वारूळ म्हटलं ना, ते आपलं कुठल्याही झाडाचं.

त्यानंतर पेज मी बराच काळ बंद ठेवलं होतं. सुनंदा म्हणायची, दुकान उघडं अन् शटर पाडून बसल्या. तिचंही चुकत नव्हतं. मी इथं आहे हे ओरडून सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही, आणि ओरडणारीच्या पोटात आपलं काही राहील यावर कोण विश्वास ठेवील? हा तिढा मला अजून सुटलेला नाही. दुपारी सतरंजीवर पडून मी अजूनही तोच उलगडत असते. आता स्टेटसला एवढंच टाकते, ‘जिना मागच्या बाजूला आहे. बाजाराच्या दिवशी दार उघडं असतं.’ फोटो नाही, गोष्ट नाही. अंगठा कुणी देत नाही. यादी मात्र तशीच लांब.

बाई पुन्हा कधी आल्या नाहीत.

काल बाजार होता. दुपारी दुसरीच एक बाई मागच्या जिन्यानं वर आली. कोण, कुठली, काय दुखत होतं, ते काहीच मी इथं सांगत नाही. खुर्चीच्या कडेला बसली, खोलीभर नजर फिरवली, आणि म्हणाली, ‘मले त्यायनं धाडलं.’ आणि बाईंचं नाव घेतलं. ‘त्या म्हने, ते म्याडम चुकल्या होत्या. पन घरी येऊन, बुडी सासूसमोर, चुकली म्हनून गेल्या. जाय म्हने तिच्याकडं.’

एवढ्या वर्षांत त्या ‘बाकी लिवा’खेरीज एक शब्द नाही, आणि आता हा. मला राहवलंच नाही. विचारलं, ‘कशा आहेत बाई? झाड मिळालं का परत? जातात का मोह वेचायला?’

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

‘ते मी नाई सांगनार,’ ती म्हणाली. ‘त्यायनं मले तुमचं सांगतलं. त्यायचं तुमाले सांग म्हनून नाई सांगतलं.’

मी बरं म्हटलं, उठून दार लावून घेतलं आणि तिचं ऐकायला बसले.